दुसऱ्या दिवसाचं वाफळ

आई,

काल गणपती पोचवून आलो. गणपतीच्या डोक्यावर बांधलेल्या माटोळीची फळं उतरवून झाली, आता रिकाम्या दोऱ्या तेवढ्या वाऱ्याने हलताहेत. घर अजून अर्धवट झोपेत असल्यासारखं आहे. थोड्या वेळाने तुमची पणतवंडं उठतील आणि डोळे चोळत वॉफल मागतील. फ्रिजमध्ये कालचं खतखतं आहे, भात आहे, वरण आहे. मी जनेल उघडून त्याच्यापाशी बसून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली. तुम्ही माझ्या सासूबाई, पण पेडण्यातल्या या घरात पाऊल ठेवलं त्या दिवसापासून मी तुम्हाला आईच म्हणत आले. मनातून आई म्हणायला मात्र सव्वीस वर्षं लागली.

माझ्या माहेरी, नार्व्याला, चवथीचा दुसरा दिवस मला पहिल्यापेक्षा जास्त आवडायचा. नदीवरून धुकं शेतात उतरलेलं असायचं. पाहुणे गेलेले असायचे, कोणालाच कसली घाई नसायची. माझी आई कालचं खतखतं मंद विस्तवावर ठेवायची आणि ते आटत जायचं, सुरण, कोहळा, तूरडाळ सगळं एकमेकांत विरघळून जायचं, तिरफळाचा वास माजघरापर्यंत यायचा. आम्ही भावंडं त्या एका टोपाभोवती बसून बोटं चाटत खायचो. शिळं खातोय असं कोणाच्या मनातसुद्धा यायचं नाही. आज इतक्या वर्षांनी डोळे मिटले की ती सकाळ दिसते, पण आवाज येत नाहीत, नुसती तोंडं हलताना दिसतात.

तुमच्याकडे तसं नव्हतं. सणाचं जे उरायचं ते संध्याकाळी गोठ्यातल्या गोरवांच्या पुढ्यात जायचं, मग ते कितीही असो. लग्नानंतरची माझी पहिली चवथ आठवते? मी एक वाटी खतखतं तांदळाच्या डब्यामागे लपवून ठेवलं होतं. सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसून खाते आहे. दोनच घास खाल्लेत, तिसरा तोंडाशी आहे, आणि तुम्ही मागे उभ्या.

"काय खातंस गो?"

"कालचें खतखतें, आई."

तुम्ही वाटी माझ्या हातातून ओढून घेतलीत. गोठ्यात जाऊन उपडी केलीत आणि परत येताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "शिळा खावची सवय आसात तर ती नार्व्यात सोडून येवची. ह्या घरात शिळा खावचा नाय."

मला माझी आई दिसली, टोपाशी बसलेली. तिला कोणीतरी भिकारीण म्हटल्यासारखं वाटलं. ते वाक्य मी ठेवून दिलं. तुमच्या आजारपणात तुमचे पाय चेपताना, तुमच्या नातवाच्या बारशाला, कधीही मध्येच ते वर यायचं. आपण दोघींनी एका स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं रांधलं, तुम्ही नारळ किसायचात, मी वाटप वाटायचे, आणि ते वाक्य आपल्या दोघींच्या मध्ये पाटावर बसलेलं असायचं.

मग तुमची शेवटची चवथ आली. तुमचे दात गेले होते, तोंडाची चव गेली होती. पेजेच्या दोन कुलेरी घेतल्या की मान फिरवायचात. माझा मुलगा बोटीवरच्या स्वयंपाकघरात काम करायचा, तो त्या वर्षी सुट्टीवर येताना वॉफलचं यंत्र घेऊन आला. गणपती पोचवल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे झोपले होते. तुम्ही तेवढ्या मागच्या पडवीत खुर्चीवर बसून पोफळींकडे बघत होतात. मी आदल्या रात्री फ्रिजमध्ये दुधामागे लपवलेलं खतखतं काढलं, तिरफळं वेचून काढली, भात आणि वरण घालून सगळं चांगलं कुस्करलं, रवा आणि दही घातलं, आणि यंत्रात ओतलं. तुपात कडा खरपूस झाल्या. तुम्हाला भूक लागावी म्हणून मी ते केलं असं घरात सगळे समजले. तसं नव्हतं. तुम्ही शिळं खाताना मला बघायचं होतं. एकदा, गुपचूप.

"ह्या काय गो?"

"वॉफल, आई."

"वाफळ? वाफ येता म्हणान?" तुम्ही हसलात. मग बशी नाकाशी नेलीत. "ताजा मा?"

"आत्ताच केलंय."

तुम्ही एकेक चौकोन मोडून तोंडात विरघळवत होतात. पोफळींमधून ऊन उतरत तुमच्या मांडीवर आलं होतं. मी खांबाला टेकून उभी होते आणि आतून हसत होते. बशी अर्धी झाली तेव्हा तुम्ही पोफळींकडेच बघत बोलायला लागलात, माझ्याशी की आणखी कोणाशी ते कळेना.

"आवय गेली तेवा मी सात वर्षांची. मामाकडे वाढलंय. चवथीक नारळ मी किसूचा, वाटाप मी वाटूचा, आनि माझा पान दुसऱ्या दिसा. उरला तर. तेका वास येय गो. तरी खायचंय." आणखी एक चौकोन मोडलात. "माझ्या घरात कोणाक शिळा वाढूचा नाय, असा तेवाच ठरयलंय. तू पायरेर बसान खाय हुतंस ना? तुझ्या हातात ती वाटी बघलंय आनि माका मीच दिसलंय. म्हणान वोडून घेतलंय."

तुम्ही बशी पुढे केलीत. "आनी एक दी."

मी आत गेले. ते पीठ तसंच बाजूला सारलं. नवा नारळ फोडला, रवा भिजवला, आलं-मिरची वाटली, सगळं ताजं, आणि दुसरं वाफळ केलं. तुम्ही एक तुकडा खाल्लात आणि बशी खाली ठेवलीत.

"पयलाच बरा हुता. तसाच कर."

"तें पीठ सोंपलें, आई."

तुम्ही लहान मुलीसारखं तोंड केलंत. फाल्गुनात शिगम्याचे ढोल वाजायच्या आधी तुम्ही गेलात. तोवर तुमच्या ताटात सकाळची पेजसुद्धा दुपारी आली नाही, एवढं मी सांभाळलं. तुमचं बोलणं घरात कोणाला सांगितलं नाही, आणि माझं करणंही नाही. आता दर चवथीनंतर कालच्या खतखत्याची वाफळं होतात, मुलं भांडून खातात, आणि त्यांना वाटतं हा माझ्या मुलाच्या बोटीवरचा प्रकार.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. येत असतं तरी हा कागद मी तुमच्या हाती दिला नसता.

पीठ संपलं नव्हतं, आई. अर्धं पातेलं शिल्लक होतं. तुम्ही दुपारी झोपल्यावर मी त्याची चार वाफळं केली आणि एकटीने, उभ्या उभ्या, सगळी खाल्ली.