चौऱ्याऐंशी टक्के डिग्री

४ मे, सकाळी ७
अनुया रजिस्ट्रारच्या, म्हणजे स्पेशालिस्ट डॉक्टर होण्याच्या, ट्रेनिंगसाठी अर्ज करतेय. मित्राकडून, मकरंदकडून कळलं. त्याची बहीण क्राइस्टचर्चला अनुयाच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. अनुया बिझी असते, मला सांगायचं राहून गेलं असणार. मुदत मेअखेर असावी, असं मकरंद म्हणाला.
मोठी अडचण डबल डिग्रीची. डॉक्टर झाली, पण जोडीने घेतलेली पब्लिक हेल्थची मास्टर्स थीसिसपाशी अडकली, ती अडकलीच. आता फॉर्मवर काय लिहायचं? पोरीला एकटीला हे झेपणार नाही. सूत्रं हातात घेणे.
आजपासून रोज पोळ्या घरीच करणे.

५ मे
आकडे मांडले. आठही पेपर झालेत, ते ६० टक्के. थीसिसचे ४०, त्याची पाचपैकी तीन प्रकरणं झालीत, ते २४. एकूण ८४ टक्के. हे काय वाईट आहे?
पुण्यात तीस वर्षं प्लॅनिंग इंजिनिअर होतो. रिपोर्टात ‘अपूर्ण’ हा शब्द कधी लिहिला नाही. आमचा एक पूल नदीच्या मधोमध थांबला होता, तेव्हासुद्धा ‘७८ टक्के पूर्ण’ लिहिलं. साहेब खूश झाले. पूल अजून तिथेच आहे.
‘डबल डिग्री, ८४ टक्के पूर्ण’ असा मसुदा अनुयाला मेल केला.
पोळ्या जमल्या नाहीत. पीठ जुनं होतं. डेअरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून, ब्रेड.

८ मे
अनुयाचं उत्तर आलं. थँक्स बाबा, हीप्स ऑन, लेटर. खूप कामं आहेत, नंतर बोलू. म्हणजे मसुदा पसंत आहे.
मसुदा क्रमांक दोन पाठवला. त्यात एक बार चार्ट टाकला.

१० मे
आज मदर्स डे. इथे ऑकलंडला न्यू लिनच्या मॉलमध्ये फार गर्दी असणार म्हणून गेलो नाही. अनुयाची आई, मृणालिनी, असती तर ओढून नेलं असतं. तीन वर्षं झाली तिला जाऊन.
अनुयाला फोन केला. उचलला नाही. ड्यूटी असेल. दुपारी परत केला. ड्यूटी लांबली असेल.
आमटी दोघांची झाली. सवय. उद्या पुरेल.

१३ मे
घर इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झाला की बरं वाटतं. कामाला एकाग्रता मिळते, हा फायदा.
आज बोललेली माणसं: डेअरीवाला. काल: तोच. त्यालाही अनुयाचा प्रॉब्लेम समजावला. स्वीट ॲज, म्हणजे एकदम मस्त, म्हणाला. मान्य केलं त्याने.

१४ मे
थेट युनिव्हर्सिटीला फोन. ८४ टक्क्यांचं पत्र मागितलं. बाई गोड बोलल्या, पण प्रायव्हसी ॲक्टमुळे काही सांगता येत नाही म्हणे. मी म्हटलं, मी बाप आहे तिचा, माझ्यापासून कसली प्रायव्हसी? त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणखी गोड.
मग तिच्या जुन्या गाइडना मेल केला. बार चार्टसकट. अनुयाला सरप्राइज.

१६ मे
गाइडचं उत्तर आलं. किया ओरा प्रमोद, हा इथला नमस्कार, वगैरे. माझ्याशी याबद्दल बोलता येणार नाही, पण मेल अनुयाला फॉरवर्ड केलाय. चला, काम पुढे सरकलं.

१७ मे
अनुयाचा फोन! स्वतःहून. पाच आठवड्यांनी. आणि चक्क मराठीत. एरवी मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते.
फॉर्म एप्रिलमध्येच भरून झाला, म्हणाली. पुन्हा माझ्या सरांना मेल केलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही, असंही म्हणाली. मग फोन ठेवला.
पेशंट आला असेल.
आता तर प्रत्यक्षच जायला हवं. भरलेल्या फॉर्मवरही दुरुस्तीपत्र देता येतं. आम्ही नेहमी द्यायचो. तिकीट काढलं.

२४ मे, हॉर्नबी, क्राइस्टचर्च
अनुया एअरपोर्टवर न्यायला आली. रागावली नाही. दमलेली दिसली. गाडीतच सांगितलं तिने: जागा मिळाली. शुक्रवारी कळलं. मला का नाही कळवलंस, असं मी विचारलं नाही.
घरी आल्यावर दुरुस्तीपत्र बॅगेतून काढलं. तिने ते बाजूला ठेवलं, लॅपटॉपवर तिचा भरलेला फॉर्म उघडून माझ्यापुढे सरकवला आणि चहा करायला गेली.
मास्टर्ससमोर एकच शब्द आहे. विथड्रॉन. टक्के नाहीत.
खाली कारणाचा रकाना. लिहिलंय की आई गेल्यावर वडिलांनी खाणंपिणं आणि अंथरुणातून उठणं सोडलं, म्हणून आठ महिने ऑकलंडला राहून त्यांना सांभाळलं. नंतर थीसिसकडे परत जाणं झालं नाही.
मी तीन वर्षं लोकांना सांगत आलोय की मृणालिनी गेल्यावर पोर खचली होती, माझ्याकडे येऊन राहिली, मी तिला सावरलं. मकरंदला सांगितलं. डेअरीवाल्यालाही. इतक्यांदा सांगितलं की मला ते तसंच आठवतं.
फॉर्म दोनदा वाचला. चहा आला. तिने विचारलं, काही चुकलंय का त्यात.
नाही म्हटलं.
तिने आठ महिने लिहिलेत. अकरा होते.