हेल्मेटमागची हवा

३ मार्च

वळणात गाडीचं शेपूट हलतं. निरोप एवढाच. आला बाबांच्या गॅरेजातल्या वेल्डरकाकांकडून, पण शब्द बाबांचा. काका "शेपूट" म्हणणार नाहीत, "मागची बाजू" म्हणतील.

म्हणजे पुन्हा सिम्युलेशन. मागच्या हंगामात माझ्या स्क्रीनवरची हवा आणि ट्रॅकवरची हवा सख्ख्या बहिणींसारखी वागत होती. आता काय बिनसलं?

मी नवऱ्याचं घर सोडल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. "जावई नाही, मुलगा मिळाला होता मला," म्हणाले होते. तो मुलगा त्यांच्याकडेच राहिला. रेसची बिनछताची गाडी आम्ही तिघांनी मिळून बनवलेली — आकार माझा, जोडणी बाबांची, चालवायची त्याने. संसार मोडला, गाडी नाही मोडली. ती बाबांच्या गॅरेजात आहे. तिच्याभोवतीची हवा तेवढी माझ्या वाट्याला आली.

५ मार्च

सकाळी सिम्युलेशनचा रन लावून ऑफिसला गेले. गाडीभोवतीच्या हवेचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा कुठे जातो ते कॉम्प्युटरला विचारत बसायचं. त्याला अख्खा दिवस लागतो.

संध्याकाळी घरमालकीणबाई जिन्यात. "दिवसभर तुमच्या खोलीत कोण असतं हो? घरघर ऐकू येते."

"कॉम्प्युटरचा पंखा आहे."

"असं होय," म्हणाल्या. चेहरा पडला. कुणीतरी असावं असं त्यांना वाटत होतं. मलाही, एखादे दिवशी.

६ मार्च

सापडलं, असं वाटतंय. चालवणाऱ्याच्या हेल्मेटमागे हवा गढूळ होते आणि ती गढूळ हवा गाडीच्या मागच्या आडव्या पंखावर पडते. मग पंख गाडीला खाली दाबत नाही, शेपूट मोकळं सुटतं. पंख थोडा वर उचला, असं काकांना कळवलं.

हेल्मेट बघायचं म्हणजे त्याला बघणं आलं. गाडीच्या मॉडेलमध्ये मी एक राखाडी बाहुला बसवलाय, चेहरा नसलेला. मापं त्याची. सीट बनवताना मीच घेतली होती — खांदे, पाठ, बसल्यावरची उंची. वेगळं राहून दीड वर्ष होईल, पण हा रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसलेला. बोलत नाही. तसा तोही शेवटी शेवटी बोलत नव्हताच.

९ मार्च

ऑफिसात इस्पितळाच्या हवेच्या नळ्यांचं काम. आत्याचा फोन — "भरला संसार वाऱ्यावर सोडलास." आत्याला काय सांगू, माझं पोटच वाऱ्यावर चालतं. हसू आलं. सांगायला कुणी नव्हतं म्हणून इथे लिहिलं.

१५ मार्च



पंख उचलला आणि गाडी मोठ्या वळणावर वळलीच नाही. सरळ बाहेर, गवतात, टायरच्या भिंतीपर्यंत. काकांनी फोनवर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा.

"लागलं का त्याला?"

"मनगट मुरगळलंय. बाकी ठीक."

"डॉक्टरकडे नेलं?"

"नेलं, नेलं. तू काळजी करू नकोस."

माझ्या आकड्यांनी हे केलं. शेपूट इतकं दाबलं गेलं की नाक हलकं झालं. पण का? स्क्रीनवर तर सगळं बरोबर होतं. त्याला फोन करावा असं दहादा वाटलं. काय म्हणू? माझ्यामुळे लागलं, सॉरी? घर सोडताना म्हटलं नाही ते मनगटासाठी म्हणू?

१६ मार्च

काकांना कळवलं — पंख पहिल्या जागी आणा, मनगट बरं झालं की हळू चालवा, आणि गाडीवर लोकरीचे धागे चिकटवून फोटो पाठवा. हवा दिसत नाही, पण धागे खोटं बोलत नाहीत. हवा शांत असेल तिथे सरळ पडतात, गढूळ असेल तिथे विस्कटतात.

२३ मार्च

फोटो आले. शेजारून दुसऱ्या गाडीतून काढलेत, फक्त पंख आणि मागचा भाग. पंखावरचे धागे तेल लावून विंचरल्यासारखे सरळ. माझ्या स्क्रीनवर तिथे नुसता गोंधळ.

म्हणजे मी चूक आहे. कुठे, ते कळत नाही.

२९ मार्च

चाकं बदलून पाहिली. वेग बदलला. जमिनीपासूनचं अंतर बदललं. आठवडाभर रोज सकाळी नवी आशा लावून जाते, संध्याकाळी तोच गोंधळ. जेवण उभ्यानेच. घरमालकीणबाईंनी दार वाजवून विचारलं, बरं आहे ना. "हो" म्हणाले आणि दार लावून घेतलं. नंतर वाटलं, आत बोलवायला हवं होतं.

३० मार्च

एकच गोष्ट बदलली नव्हती. बाहुला.

त्याची मापं मला पाठ आहेत, म्हणून तिथे हात लावायचं सुचलंच नाही. आज सहज त्याला चार बोटं खाली बसवलं.

धागे जुळले. एकूण एक. हेल्मेट खाली गेलं तशी गढूळ हवा पंखाच्या खालून निघून गेली. पंखाला काहीच झालेलं नव्हतं, तो उचलायची गरजच नव्हती.

माणूस काही चार बोटं झिजत नाही. गाडीत तो नाहीये.

काकांना फोन केला. "गाडी कोण चालवतंय?"

"मी लोखंड जोडतो, पोरी. माणसांचं मला विचारू नकोस."

३१ मार्च

त्याला फोन केला. आवाज तसाच. मनगटाचं विचारलं तर म्हणाला, "कुठलं मनगट?"

मागचा हंगाम संपल्यावरच त्याने गाडी सोडली. नोकरी बदलून दुसऱ्या शहरात गेलाय. "तू नसताना तिथे जाऊन बसणं जमेना मला. बाबांना तसं सांगूनच निघालो. तुला बोलले नाहीत?"

"आम्ही बोलत नाही."

"पण तू आकडे पाठवतेस अजून?"

"ते मागतात, काकांकरवी."

तो म्हणाला, "मी गेलो हे कळलं तर तूही पाठवायची थांबशील, असं वाटलं असेल त्यांना. माझ्यासाठीच करतेस असं धरून चालले असतील."

मीही धरून चालले होते की ते त्याच्यासाठी मागतात.

"गाडी कोण चालवतंय?" मी विचारलं.

"त्या गॅरेजात दुसरं आहे कोण?"

सत्तरीला आलेला माणूस. शेपूट हलत होतं ते हवेमुळे नाही, त्या हातांमुळे. सरळ टायरच्या भिंतीत.

आमच्यात भांडण नाही झालं. "जप," म्हणाला. मीही म्हणाले. फोन ठेवल्यावर मॉडेल उघडलं आणि त्याचा बाहुला पुसून टाकला. रिकामी सीट जरा वेळ बघत बसले.

१ एप्रिल

बाबांना फोन लावला. उचलला.

"नवा रन लावायचाय," म्हटलं. "उंची सांगा."

"कुणाची?"

"तुमची. सीटवर बसल्यावरची."

मी ठेवला नाही, त्यांनीही नाही. मग म्हणाले, "बसल्या माणसाला आपली उंची स्वतः घेता येत नाही. टेप घेऊन ये."