झाकणावरची तारीख

१४ मार्च

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नकोस. लेकीच्या लग्नाचं जेवण तू मी नोकरी करते त्याच केटररकडे दिलंस. "तू आहेस, मग मी निर्धास्त," म्हणालीस.

शीतगृहातल्या डब्यांवरच्या तारखा मीच बदलते. आचारी म्हणतो, "मॅडम, नाकाला कळलं नाही ते पोटाला काय कळणार?" सगळे हसतात, मीही हसते. जेवताना मात्र आम्ही सगळेच घरचे डबे उघडतो.

गेल्या आठवड्यात आमचा रस्सा वृद्धाश्रमात गेला. तिथले तिघं इस्पितळात आहेत. उरलेला रस्सा गोठवलेला आहे. आज साहेब म्हणाले, "लग्नाला चालेल." मी नाही म्हटलं नाही. भीतीनं की सवयीनं, ठरवता येत नाही.

तुझी,
धाकटी

(त्याच वहीत, न पाठवलेल्या पत्राखाली) उद्या: रश्श्याच्या डब्यांवर नवी तारीख लावणे.