ओल्या हाताने ओढलेला नॅपकिन

दि. ६ फेब्रुवारी, दुपार

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत आहोत असं लिहिलं तर तुझी वहिनी मागून वाचून हसेल, म्हणून एवढंच लिहितो की चालते-बोलते आहोत. माझे गुडघे कुरकुरतात. ती म्हणते, "गुडघ्यांचं चालेल हो, तुमचं कुरकुरणं तेवढं आवरा." रंगाच्या दुकानात बसून तुला खोकला लागलाय असं कळलं. मालकाला सांगून दाराजवळची जागा मागून घे. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, आणि तू मागणारा नाहीस.

आता कामाचं. भिंगरी इथल्या कारखान्यात लागल्यापासून दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. तुझी लेक म्हणून नाही सांगत, पण पोरीचं डोकं चालतं. तिने पेपर नॅपकिनचा डबा करायला घेतलाय, एका हॉस्पिटलच्या जेवणघरासाठी. तिथे कुणाच्या एका हाताला सलाईन, कुणाचा हात प्लास्टरमध्ये. एका हाताने ओढलं की एकच नॅपकिन यावा आणि पुढच्याचं टोक बाहेर डोकवावं, एवढंच मागणं. आपण दोघांनी कारखान्यात वर्षानुवर्षं जे केलं तेच रे! मी कागदावर डबा आखायचो, तू मशीनवर घडी बसवायचास.

कारखान्यात पाहुणे आले की मी त्यांना शाळेतल्या भेंड्यांचं उदाहरण द्यायचो, आठवतं? एकाने कविता म्हणायची आणि बसता बसता शेवटचं अक्षर पुढच्याच्या हाती द्यायचं. नॅपकिनचंही तसंच, जाणाऱ्याने येणाऱ्याला बोटाला धरून दारापर्यंत आणायचं. पाहुण्यांना ओ की ठो कळायचं नाही. तू मशीनमागे तोंडावर फडकं धरून हसायचास. पहिल्या डब्याच्या नकाशाच्या कोपऱ्यात तर मी दोन ओळी लिहिल्या होत्या:

एक निघावा, दुजा दिसावा,
तिजा घडीतच निजून ऱ्हावा.

मालक म्हणाले होते, "यमक राहू द्या, माप लिहा."

तर सांगायचं हे की भिंगरीच्या कारखान्यात घडीचं नवं मशीन आलंय आणि ते कुणाचं ऐकत नाही. कधी पुढचं टोक येतच नाही, कधी चार नॅपकिन हातात हात घालून सहलीला निघतात. महिनाअखेर हॉस्पिटलची माणसं नमुना पाहायला येणार. तोवर जमलं नाही तर काम दुसऱ्या कारखान्याकडे जाईल, आणि पोरीची पहिलीच कामगिरी वाया. ती म्हणाली, "मोठे काका, बाबा तीन दिवस आले तर मशीन गाणं म्हणेल. पण ते नाहीच म्हणतात. तुम्ही लिहा ना, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत."

म्हणून लिहितोय. तीन दिवसांसाठी ये. एकोणीस वर्षं मशीनला हात लावला नाहीस म्हणून काय झालं? पोहणारा कधी पोहणं विसरतो का?

तुझा,
दादा


दि. १५ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,

आशीर्वाद. तुझं सहा ओळींचं पत्र पोचलं. तू लिहितोस, "दादा, माझ्या आखूड घडीमुळे एकदा भरल्या बैठकीत तुझी मान खाली गेली. आता लेकीचीही खाली घालायला लावू? मी रंगाचे डबे देतो तेच बरं." हे तू इतक्या सहज लिहिलंयस, जशी कुणी आपली उंची लिहावी.

झालं गेलं विसर, असं लिहायला बसलो होतो. तेवढंच वाक्य तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. मग खिडकीबाहेर बघत राहिलो आणि आपली शाळा आठवली. दोन वर्ग एका खोलीत, तू पुढच्या बाकावर, मी मागच्या. कवितेच्या तासाला तू दुसऱ्या कडव्यावर हमखास अडायचास आणि मी मागून हळूच ओळ सुचवायचो. एकदा मीच भलत्या कवितेची ओळ सुचवली. तू ती खणखणीत आवाजात म्हणालास. वर्ग हसला. मास्तरांनी तुला तास संपेपर्यंत उभं केलं. दादाने सांगितली, असं तू म्हणाला नाहीस. घरी येताना उलट मलाच म्हणालास, "माझंच पाठांतर कच्चं."

उगाच आठवलं.

भिंगरी रविवारी माझा जुना नकाशा मांडून बसली होती. म्हणाली, "मोठे काका, डब्याचं तोंड इतकं अरुंद का ठेवलं होतंत?"

मी म्हटलं, "तेव्हा तशी फॅशन होती."

ती हसली. तुझी वहिनी हसली नाही. भांडी आवरायला आत गेली आणि बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

असो. खोकल्यासाठी गरम पाणी पीत जा. येण्याचं पुन्हा एकदा मनावर घे.

तुझा,
दादा


दि. १९ फेब्रुवारी, सकाळ

धाकट्या,

हे पत्र पाकिटात घालण्याआधी मी भिंगरीला वाचायला देणार आहे. तिला सगळं कालच कळलंय, तरी माझ्या अक्षरात वाचू दे.

काल संध्याकाळी ती कारखान्यातून थेट आली, हातात नव्या डब्याचा नमुना. चेहरा उतरलेला. म्हणाली, "बाबा का येत नाहीत ते कळलं मला. घडी आखूड पडली होती म्हणे. काका, खरंच इतकी वाईट होती का हो?"

मी उठलो. कपाटावरून पत्र्याचा आपला जुना, अरुंद तोंडाचा डबा काढला, आणि त्याच्यामागे कापडात गुंडाळलेलं पुडकं काढलं. तू घडी घातलेलं शेवटचं पुडकं. हो, ते माझ्याकडे आहे. तुझ्या वहिनीला वाटायचं, जुने स्क्रू असतील. कागदाच्या कडा पिवळ्या पडल्यात, बाकी घडी जशीच्या तशी.

भिंगरीने त्यातले थोडे जुन्या डब्यात भरले आणि ओढून पाहिले. एकामागून एक, शहाण्या मुलांसारखे बाहेर आले. तिच्या कपाळाला आठी पडली. मग उठून मोरीत गेली आणि हात धुऊन, न पुसताच आली. म्हणाली, "जेवणारा माणूस हात धुऊनच येतो ना? मग ओलाच हात घालणार." ओढला. बोटांना नुसता तुकडा चिकटून आला. दुसरा ओढला, तोही फाटला. फाटल्यावर पुढचं टोक बाहेर येणार कुठून? मग माणूस आत बोट घालणार, आणि येणार मूठभर. ज्या मोठ्या कॅन्टीनच्या तक्रारीवरून ती बैठक भरली, तिची तक्रार शब्दशः हीच होती, तुझ्या ध्यानात असेल.

मग तिने तेच पुडकं आपल्या नव्या डब्यात भरलं. त्याचं तोंड रुंद आहे आणि कडा आत वळवलेल्या. ओल्या हाताने, एका हाताने ओढत गेली. मी मोजत होतो. एकेचाळीस. एकही फाटला नाही, एकही जोडीने आला नाही. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबांची घडी तर अगदी मापात आहे. मग बैठकीत आखूड कशी ठरली?"

तेव्हा मी तिला सांगितलं. आता तुला सांगतो.

कारखान्यात भिंतीवर पाटी होती, "कागदाला हात लावण्याआधी हात पुसा." मीच रंगवली होती. आपण सगळे तो नियम इतक्या भक्तीने पाळायचो की त्या डब्याची तीन हजार वेळा चाचणी झाली आणि तीन हजार वेळा कोरड्या हातांनी. नॅपकिन कोण घेतो, ज्याचा हात ओला आहे तो, हे साधं सत्य आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी नळावर हात धुतले. टॉवेल धुवायला गेला होता. सहज नमुन्याच्या डब्यातून नॅपकिन ओढला. फाटला. पुन्हा हात ओला करून ओढला. दहातले सात फाटले. कोरड्या हाताने एकही नाही. मला सगळं कळलं, धाकट्या. खोट घडीत नव्हती, डब्याच्या तोंडात होती. बैठकीला अजून एक तास होता. ते तुकडे मी खिशात घातले.

बैठकीत मालकांनी विचारलं, "डब्यात खोट की घडीत?" मी म्हणालो, "घडी आखूड पडतेय." तू दाराशी उभा होतास, हात तेलाने माखलेले. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मालकांना म्हणालास, "दादा म्हणतो तर पडत असेल."

नंतर मी डब्याचं तोंड चार मिलिमीटर रुंद केलं, कडा वळवल्या. कुणालाही सांगितलं नाही. तक्रारी थांबल्या. लोक म्हणाले, नव्या माणसाने घडी सुधारली. तोवर तू सामान बांधून गेला होतास.

का केलं, ते लिहायचा प्रयत्न केला. मोठं कारण सापडावं म्हणून पुष्कळ शोधलं. सापडलं ते एवढंच की कारखान्यात त्या डब्याला सगळे "कवीचा डबा" म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

तू चिडून गेलास असंच मी बरीच वर्षं धरून चाललो. ते मला सोयीचं होतं. चिडलेला भाऊ म्हणजे निदान खरं काय ते ओळखून गेलेला भाऊ. पण तू तर माझं म्हणणं खरं मानून गेलास. ज्या हातांना कागद किती ताणायचा ते डोळे मिटून कळायचं, ते हात तू एकोणीस वर्षं माझ्या एका वाक्यापायी बाजूला ठेवलेस. तुझ्या परवाच्या सहा ओळी वाचल्यावरही मी तुला शाळेच्या गोष्टी सांगत बसलो. माझा असाच स्वभाव आहे. अडचणीचं काही आलं की मला कविता सुचते.

माझं सांगून झाल्यावर भिंगरीने टेबलावरचे नॅपकिन गोळा केले. फक्त म्हणाली, "तुम्ही लिहिताय की मी सांगू?" काल पहिल्यांदा तिने मला काका म्हटलं नाही.

मी म्हटलं, "सवडीने, नीट शब्द जुळवून लिहितो." त्यावर वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या लिहा. सवड मिळाली की तुम्ही त्याची कविता कराल."

म्हणून चहाच्या आधी बसलोय. जुन्या मालकांच्या मुलाला, आणि त्या बैठकीतले जे दोघं अजून हयात आहेत त्यांनाही हेच लिहिलंय, कमी शब्दांत. प्रती सोबत ठेवतो. त्यातलं काही कमी-जास्त वाटलं तर कळव, सुधारून पुन्हा पाठवीन. याने एकोणीस वर्षं परत येत नाहीत, हे मला कळतं.

मशीनची घडी सोमवारी बसवायला घ्यायचीय. तुझी घडी खोटी नव्हती, कधीच नव्हती. ही एकच गोष्ट घेऊन ये, आणि लेकीसाठी ये. ती बसस्टँडवर उभी राहील. तुझी राहायची सोय तिने तिच्या खोलीवर केली आहे. त्या तीन दिवसांत मी कारखान्याकडे फिरकणार नाही. आमच्याकडे यायचं की नाही ते तू ठरव. मी निरोप पाठवणार नाही, आणि आला नाहीस तर कारण विचारणार नाही.

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं होतं, पण उचललं. वयाचा मान आज बाजूला राहू दे. तुला नमस्कार करतो.

अजून तसं म्हणावंसं वाटलं तर, तुझा

दादा