तापाचा पहिला दिवस

बुधवार, ६ नोव्हेंबर

कन्येने सर्व नातलगांना कळविले आहे — 'आईला रविवारपासून ताप आहे.' चूक! रविवारी नव्हे, मंगळवारी, ५ तारखेला, सायंकाळी सहा वाजता. तापमापक मी स्वतः लावला. एकशे एक. कन्या डॉक्टर आहे हे मान्य. परंतु राहते परगावी. म्हणे, "बाबा, रविवारी फोनवर आईचा आवाजच सांगत होता." आवाजावरून ताप मोजण्याची विद्या वैद्यकाच्या कोणत्या वर्षात शिकवितात, कोण जाणे.

ज्या प्राचीन वैद्याच्या विचारांवरील माझा ग्रंथ सध्या छापखान्यात आहे, तो रोग्याचा एकेक दिवस मोजून लिहीत असे. मीही तसेच करीन. आज दुसरा दिवस.

गुरुवार, ७

तिसरा. एकशे एक. कोरडा खोकला. अर्धा पेला दूध, तेही आर्जवे करून.

उशाशी बसून ग्रंथातील एक प्रकरण वाचून दाखविले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा मनुष्य मानतो, की रोग म्हणजे देवाचा कोप नव्हे. त्यास कारण असते. बरे करते ती निसर्गशक्ती. वैद्य केवळ तिचा मदतनीस. आणि प्रश्न विचारण्याआधी रोग्याचा चेहरा पाहावा, श्वास ऐकावा, हात हातात घ्यावा.

ती डोळे मिटूनच म्हणाली, "भला माणूस दिसतोय. बायको होती का त्याला?"

ठाऊक नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले.

"असणारच. नाहीतर एवढं मोजत बसायला सवड कुठून मिळाली?"

हसताना तिला धाप लागली.

शुक्रवार, ८

चौथा. एकशे दोन. कन्येचा हुकूम — सातव्या दिवशीही ताप असला तर थेट रुग्णालय. "त्यात तुमचं काही चालायचं नाही, बाबा." म्हणजे सोमवार, ११.

शनिवार, ९

कन्येला राहवले नाही. सकाळच्या गाडीने आली. आईला पाहताच तिचा चेहरा उतरला.

"बाबा, नक्की पाचवाच दिवस?"

मी तापाचा तक्ता पुढे केला. "नक्की."

अंथरुणातून बारीक आवाज आला — "सातवा आहे गं."

रविवारी व सोमवारी आम्ही दोघे ग्रंथाची शेवटची मुद्रिते तपाशीत होतो. मी वाचीत होतो, ती मूळ प्रत धरून ताळा पाहत होती. "अहो, तुमचा उगाच खोळंबा झाला असता." तापाने फणफणलेली, माझ्यापासून दोन हातांवर! त्या दोन दिवसांत एकही स्वल्पविराम माझ्या नजरेतून सुटला नाही.

तासाभरात रुग्णालयात नेले. न्यूमोनिया. "सोमवारपर्यंत थांबलो असतो तर—" कन्येने वाक्य पुरे केले नाही. मीही केले नाही.

मंगळवार, १२

ताप नाही! चहा मागितला. मिळाल्यावर नावेही ठेविली.

गुरुवार, १४

घरी आणले.

त्या वैद्याची एक गोष्ट मला सर्वाधिक प्रिय आहे. जे रोगी दगावले, त्यांचीही टिपणे त्याने तितक्याच स्वच्छपणे ठेविली. पुढच्यांस उपयोग व्हावा म्हणून. स्वतःची लाज राखण्याकरिता नव्हे. यावर मी एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे.

दुपारी तिला विचारले, "आणखी काय काय लपवलंस?"

ती उशीला टेकून बसली. "खरंच लिहून घेणार? मग जुन्या वह्या काढा."

शुक्रवार, १५

दुरुस्त्या, तिच्या सांगण्यावरून.

३ नोव्हेंबर — तापाचा पहिला दिवस. '५' खोडले.

२२ जानेवारी २००६ — 'घरी सर्व क्षेम.' खोडले. तिच्या छातीत दुखत होते. कन्येबरोबर जाऊन तपासून घेऊन आली. मला 'बाजारात गेलो होतो' असे सांगितले.

१९ ते २६ जून १९८३ — 'सौ. मुलीला घेऊन बहिणीकडे. घरात शांतता, कोशाचे काम उत्तम झाले.' खोडले. मुलगी बहिणीकडे होती. ही रुग्णालयात. आम्ही तिघांचे चौघे होणार होतो.