पोटातला पंप

ती. आईस,

थोरलीचा नमस्कार. वाकता येत नाही, तेव्हा बसूनच. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

पाठीच्या ऑपरेशननंतर पायात पेटलेली आग अजून शमलेली नाही, हे तुला ठाऊकच आहे. परवा डॉक्टरांनी मणक्यात औषध टोचून पाहिलं. त्या दुपारी पायावर चादर घेऊन मी झोपले, आई. एरवी तिचा स्पर्शही सोसत नाही.

आता पोटाच्या कातडीखाली छोटा पंप बसवून तेच औषध नळीने मणक्यात सोडायचं म्हणतात. दुखणं निम्मं होईल. पण दर दोन-तीन महिन्यांनी पंप सुईने भरून घ्यावा लागतो. उशीर होऊन औषध एकदम थांबलं तर जिवावर बेतू शकतं.

"आमच्या गावी कोणी भरणार नाही का?" मी विचारलं.

"तिकडे ती सोय नाही," डॉक्टर म्हणाले. "पंप मध्येच बिघडला तर लगेच इथे पोचायला हवं. तुम्हाला इथे शहरातच राहावं लागेल."

खूप विचार केला आणि हो म्हटलं. तू रागावणार नाहीस ना? मी येईन गं, पण पाहुणीसारखी, चार दिवस.

माझी खोली आता धाकटीच्या मुलांना दे. त्यांना सांग, खिडकी जोरात ओढली तरच लागते.

तुझीच,
थोरली