नवेगावचं मचाण

वरठी, २० नोव्हेंबर १९८९

तीर्थरूप बाबांच्या पायांवर डोकं ठेवून टेकचंदचा नमस्कार.

रुखमा आणि दोन्ही पोरं बरी आहेत. काल रविवारी कारखान्यातल्या सोबत्यांबरोबर नवेगावचं राष्ट्रीय उद्यान पाहून आलो. पोरांसाठीच गेलो होतो. तिथला तलाव मोठा आहे, पण आपली थोरली सुनंदा म्हणाली, "आपल्या कोंढ्याच्या तलावासारखाच त आहे."

जंगलात एक उंच मचाण आहे. त्यावर सगळे चूप बसलो. तासाभरानं चितळांचा कळप खाली आला. नागपूरहून फिरायला आलेली मंडळी श्वास रोखून पाहत होती. तेवढ्यात आपल्या खुशालनं डब्याचं झाकण बडवलं आणि "होऽऽ हुर्रर्र!" अशी आरोळी ठोकली. दिवाळीत वावरातल्या मचाणावर तुमच्याजवळ बसून डुकरं हाकलताना शिकला, तीच. कळप पळाला. जंगलखात्याचा माणूस रागावला, "पोराले आवरा! इथं जनावरं पाहाले येतात, हाकलाले नाही." मी माफी मागितली.

चार वर्षांचं पोर, पण रडलं नाही. परतताना गाडीत मात्र विचारलं, "बाबा, मी इथं हाये, त आबाजीसंगं डबा कोन वाजवते?"

मी गाडीतच एका सोबत्याला शनिवारची पाळी बदलून मागितली. 

उशिराचा भारी धान वावरात अजून उभाच असेल. तुमचा गुडघा कसा आहे? मायचा खोकला थांबला का?

शनिवारी पाळी बदलून येतो. तोवर डुकरांनी खाल्लं तर खाऊ द्या. तुम्ही मचाणावर चढू नका.

तुमचा,
टेकचंद